ट्रॉलरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गोड्या पाण्यावर घ्यायचाय, आहे तो कूलर पुरेल का?

खाडीकाठचा · १८ मार्च

मंडळी, नमस्कार.

आमचा ट्रॉलर मिरकरवाड्याला असतो. इंजिन सहा सिलिंडरचं, १२० एचपी, टर्बो नाही, ट्रकच्या घराण्यातलंच पण मरीन केलेलं. ब्लॉक आणि हेड गोड्या पाण्यावर आहेत, ते पाणी कूलरमधून फिरून, तिथल्या नळ्यांतल्या खाऱ्या पाण्याला उष्णता देऊन, परत येतं. मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा, दुहेरी भिंतीतून पाणी फिरणारा बिडाचा भाग, मात्र खाऱ्या पाण्यावर. मूळचा मॅनिफोल्ड नऊ वर्षांपूर्वी तडकला. तेव्हा एका वर्कशॉपने दुसरा बसवला, त्याची तोंडं गोड्या पाण्याच्या पाइपांना जुळेनात, म्हणून खाऱ्या पाण्याच्या पंपापुढे टी मारून एक फाटा थेट मॅनिफोल्डला दिला आणि दुसऱ्या टोकाने पाणी बाहेर सोडलं. "समुद्राचं पाणी थंड असतं, उलट चांगलंच," असं सांगितलं आणि आम्हीही मान डोलावली.

फेब्रुवारीत जयगडच्या बाहेर रात्री जाळी ओढून झाल्यावर इंजिन बंद करून नांगर टाकला होता. पहाटे स्टार्टर दाबला तर एकदाच टक् झालं आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. आमच्या तांडेलाचे (बोटीच्या म्होरक्याचे) आभार मानावे तेवढे थोडे. त्याने दुसऱ्यांदा स्टार्टर दाबला नाही. सहाही इंजेक्टर काढले, फ्लायव्हीलला पहार लावून इंजिन हाताने फिरवलं. पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरच्या भोकातून पाण्याची चिळकांडी छतापर्यंत उडाली. बोट लावून जिभेला लावलं, खारट. दुसऱ्यांदा स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड नक्की वाकला असता.

बंदरात ओढून आणल्यावर मॅनिफोल्ड उतरवला. बाहेरून रंग शाबूत, कुठे चीर नाही. आतून बघितलं तर सहाव्या पोर्टपाशी, धूर आणि पाणी यांच्या मधल्या भिंतीत करंगळी जाईल एवढं भोक. त्याच्या आजूबाजूला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर बिडाच्या भिंतीत तो अर्धा सूत रुतला. बिडात! खरवडल्यावर हाताला पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी लागली.

आता नवा मॅनिफोल्ड घ्यायचाच आहे. तो गोड्या पाण्याच्या बंद फेऱ्यात घेतला तर आहे तोच कूलर पुरेल का? का कूलरही बदलावा लागेल? ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं.

---

दुसरा_इंजिनिअर · १८ मार्च

तांडेलाला माझाही नमस्कार सांगा.

तुम्ही जी काळी भुकटी बघितलीत ती खरोखर शिसपेन्सिलीचीच वस्तू आहे, ग्रॅफाइट. बिडात लोखंडाच्या जोडीला ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात. खारं पाणी मिळालं की या दोघांची बॅटरी तयार होते. त्यात लोखंड विरघळून जातं आणि ग्रॅफाइट मागे राहतं. आकार तोच राहतो, जाडी तीच दिसते, पण आत जीव नसतो. म्हणून बाहेरून बघून काही कळत नाही, हातोडीने ठोकून आवाज घेतला तर थोडंफार कळतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते गरम बिडाच्या अंगाला रोज लागत होतं. नऊ वर्षं टिकला, हे नशीब समजा.

दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं. समुद्राच्या पाण्यातले चुन्याचे क्षार तापमान वाढलं की खाली बसतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे नेमकं उलटं वागतात. म्हणूनच जी इंजिनं सरळ खाऱ्या पाण्यावर चालतात त्यांचा थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान सांभाळणारी, आपोआप उघडणारी झडप) ६० अंशांच्या आसपासचा ठेवतात. मॅनिफोल्डच्या भिंतीला तर थर्मोस्टॅटच नाही. धुराच्या बाजूला काहीशे अंश, पाण्याच्या बाजूला क्षारांची पपडी, त्या पपडीखाली भिंत आणखी तापणार, आणखी पपडी धरणार.

"थंड पाणी चांगलं" हा सल्ला म्हणूनच चुकीचा होता. मॅनिफोल्डची भिंत फार थंड असली तर इंजिन हळू चालताना धुरातली वाफ आतल्या अंगाला घाम धरल्यासारखी जमते. डिझेलमधल्या गंधकामुळे तो घाम आंबट असतो. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. गोडं पाणी ८० अंशांवर फिरलं की या तिन्ही गोष्टी थांबतात.

कूलर पुरेल का, हे अंदाजाने सांगणार नाही. मोजता येईल. तुमच्यासारखीच जोडणी असलेली दुसरी बोट बंदरात आहे का?

---

हर्णैकर · १९ मार्च

दादा, मी तीस वर्षं दर्यावर आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. रागावू नका.

खाऱ्या पाण्याचा एक मोठा गुण आहे, ते संपत नाही. होज फुटला तर कापून पुन्हा लावला, सी कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी) उघडला, चाललो. बंद फेऱ्यात होज फुटला की इंजिनातलं गोडं पाणी पाच मिनिटांत बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी. चाळीस वाव खोल पाण्यात, वारा सुटलेला, तेव्हा गोडं पाणी आणायचं कुठून? खलाशांच्या पिण्याच्या पिंपातून? आमच्याकडे एकाने खरोखर ते केलंय.

खाऱ्या पाण्याचा मॅनिफोल्ड पाच वर्षांनी बदलायचा, नियम म्हणून. मी तसंच करतो. डोकं शांत राहतं.

---

खाडीकाठचा · १९ मार्च

काका, रागवायचं काय त्यात. तुमचं म्हणणं घरातही झालंय, बाबांचं मत तुमच्यासारखंच आहे. पण ब्लॉक आणि हेड आधीपासून बंद फेऱ्यावरच आहेत ना? म्हणजे होज फुटायची भीती आजही आहेच. मॅनिफोल्डमुळे दोन होज वाढतील, एवढंच. आणि पाच वर्षांनी बदलायचं म्हटलं तरी चौथ्या वर्षी भोक पडणार नाही याची खात्री कशी द्यायची? भिंत आतून दिसत नाही.

इंजिनिअरसाहेब, माझ्या चुलत्यांच्या बोटीवर हुबेहूब तशीच जोडणी आहे, तेच इंजिन, तोच कूलर. काय मोजायचं ते सांगा.

---

दुसरा_इंजिनिअर · १९ मार्च

उत्तम. २० लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ आणि एक थर्मामीटर घ्या. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल चालेल. बाहेर जाऊन इंजिन अर्धा तास नेहमीच्या ओढीवर चालवा, जाळं पाण्यात असताना. मग मॅनिफोल्डमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरा, किती सेकंदांत भरते ते बघा, आणि त्या पाण्याचं तापमान घ्या. तसंच कूलरच्या खाऱ्या पाण्याचं. समुद्राच्या पाण्याचंही घ्या. आणखी एक, हे विसरू नका: थर्मोस्टॅटच्या बायपास होजला (कूलर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या नळीला) हात लावून बघा. तो गरम आहे का, ते सांगा.

---

खाडीकाठचा · २४ मार्च

काल चुलत्यांबरोबर गेलो होतो. आकडे असे आले. समुद्राचं पाणी २९ अंश. मॅनिफोल्डचं पाणी ३३ अंशांवर बाहेर पडत होतं, बादली भरायला २६ सेकंद. कूलरचं ३६ अंशांवर, बादली १२ सेकंदांत. गेजवर ८० अंश. बायपास होज कोमट, म्हणजे बंदच असणार. बादली धरताना बोट हलत होती, म्हणून प्रत्येक माप तीनदा घेतलं आणि मधलं धरलं.

---

दुसरा_इंजिनिअर · २४ मार्च

तीनदा मोजलंत, फार चांगलं केलंत. आता हिशेब बघा, अवघड नाही.

मॅनिफोल्डमधून सेकंदाला पाऊण लिटरहून थोडं जास्त पाणी जातंय. खारं पाणी असल्यामुळे वजन ०.७९ किलो धरू. एक किलो समुद्राचं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४ किलोज्यूल लागतात. चार अंश वाढ. ०.७९ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे साडेबारा किलोवॅट. एवढी उष्णता आज मॅनिफोल्डमधून थेट समुद्रात जाते.

कूलरचं बघा. सेकंदाला १.७१ किलो, ७ अंश वाढ, म्हणजे ४८ किलोवॅट.

दोन्ही एकाच फेऱ्यात आल्यावर कूलरला ६० किलोवॅटच्या वर वाहून न्यावे लागतील. म्हणजे आजच्या सव्वापट. कूलर तोच ठेवला तर सव्वापट उष्णता ढकलायला गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला फरकही सव्वापट लागणार. आज सरासरी फरक ४५ अंशांच्या आसपास आहे, तो ५७ होईल. तुमची सुई ८० वरून ९० च्या पुढे जाईल. ही गोष्ट मार्चमधली, कूलर साफ असताना. मे महिन्यात समुद्र ३० च्या वर गेला आणि नळ्यांत गाळ बसला की काय होईल ते तुम्हीच बघा.

बायपासबद्दल म्हणूनच विचारलं होतं. तो गरम असता तर थर्मोस्टॅट अजून पाणी अडवतोय, कूलरकडे शिल्लक ताकद आहे, असा अर्थ झाला असता. तुमच्याकडे थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आहे. शिल्लक काही नाही.

एक दिलासा आहे. टी काढून टाकलीत की पंपाचं जवळजवळ सगळं खारं पाणी कूलरमधून जाईल, आजच्या दीडपटीच्या जवळ. नळ्यांतला वेग वाढला की उष्णताही जास्त उचलली जाते आणि गाळही कमी बसतो. तरी पुढच्या मापाचा कूलर घ्या असंच मी सांगेन. जहाजांची यंत्रं ३२ अंशांचं समुद्राचं पाणी धरून आखतात. तुम्हीही कूलरवाल्याला ३२ सांगा. थंड देशातल्या पाण्यासाठी बनवलेल्या कूलरचा आकडा आपल्याकडे कामाचा नाही.

---

न्यूजर्सीकर · २५ मार्च

वाचून राहवलं नाही. मी मूळचा अलिबागचा, इथे अटलांटिकच्या खाऱ्या खाडीत माझी छोटी बोट आहे, पेट्रोल व्ही-८, स्टर्नड्राइव्ह.

इथे बंद फेऱ्याचे दोन प्रकार मिळतात. एकात फक्त ब्लॉक गोड्या पाण्यावर, मॅनिफोल्ड खाऱ्यावर. त्याला अर्धी सिस्टिम म्हणतात. दुसऱ्यात मॅनिफोल्डही गोड्यावर, ती पूर्ण. स्वस्त म्हणून मी अर्धी घेतली होती आणि सहाव्या वर्षी मॅनिफोल्ड गळला, तुमच्यासारखाच. इंजिन वाचलं, पण व्हॉल्व्ह बदलावे लागले. वाईट याचं वाटलं की ब्लॉक अगदी नव्यासारखा होता. ज्या भागाला सगळ्यात जास्त ताप सोसावा लागतो त्यालाच मी मीठ पाजत होतो.

एक फरक लक्षात घ्या. माझ्या बोटीत खारं पाणी शेवटी धुरातच सोडतात, एक्झॉस्टचा रबरी पाइप जळू नये म्हणून. त्यामुळे मॅनिफोल्डच्या वरचा रायझर (धूर वर चढवून पाइपात सोडणारा भाग) पूर्ण सिस्टिममध्येही खाऱ्या पाण्यावरच राहतो, तो काही वर्षांनी बदलावाच लागतो. तुमचा ट्रॉलर सुक्या धुराड्याचा आहे का? तसं असेल तर तुमच्या धुराच्या वाटेत खाऱ्या पाण्याचा थेंबही राहणार नाही. माझ्यापेक्षा तुम्ही नशीबवान.

---

खाडीकाठचा · २५ मार्च

हो, सुकंच. धुराडं सरळ केबिनच्या मागून वर गेलंय. मॅनिफोल्डनंतरच्या पाइपावर जुनी दोरी गुंडाळलेली आहे.

---

दुसरा_इंजिनिअर · २५ मार्च

ती जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी ओढून काढू नका. ओली करा, तोंडाला चांगला मास्क लावा, पिशवीत बंद करा. नवीन सिरॅमिकची किंवा काचतंतूची घ्या. मोठ्या जहाजांवर २२० अंशांच्या वर तापणारा कुठलाही पृष्ठभाग उघडा ठेवता येत नाही, सोलासचा, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम आहे. डिझेलची फुटकी नळी आणि उघडा एक्झॉस्ट, इंजिन रूमच्या कितीतरी आगी याच जोडीने लागल्यात. मासेमारी बोटीला तो नियम लागू नाही, पण आग तीच.

---

मालवणचो · २७ मार्च

तुमी सांगलास ता अगदी बरोबर आसा. माझा अनुभव लिहितो.

आमच्याकडे बिडाला कंटाळून एकाने स्टेनलेसचा हेडर बनवून घेतला. सहा पाइप एकात आणलेले, वर दुसरं कवच, मध्ये पाणी. वेल्डिंग बघत राहावं इतकं सुंदर. पाणी खारंच ठेवलं. "स्टेनलेसला काय होतंय," असं सगळेच म्हणाले. दोन हंगाम नीट गेले. तिसऱ्यात वेल्डच्या कडेला केसासारख्या बारीक चिरा, आठ-दहा ठिकाणी. गंज कुठेच नाही, नुसत्या चिरा.

---

दुसरा_इंजिनिअर · २७ मार्च

ही माहिती फार मोलाची आहे. गरम खारं पाणी आणि ताणातलं स्टेनलेस यांचं वैर जुनं आहे. साधारण ६० अंशांच्या वर ३०४ जातीच्या स्टेनलेसला अशा चिरा पडू लागतात, ३१६ जरा जास्त तग धरतं पण तेही सुटत नाही. वेल्डच्या कडेला ताण शिल्लक असतो, म्हणून सुरुवात तिथून. तोच हेडर गोड्या पाण्याच्या फेऱ्यात, बरं कूलंट घालून वापरला असता तर अजून चालला असता असं मला वाटतं. धातू बदलून प्रश्न सुटत नाही, पाणी बदलावं लागतं.

---

कुटबणचा_शेजारी · २९ मार्च

कूलरच का हवा? आमच्या गोव्यात एक-दोन बोटींना तळाखाली पाइप लावलेले बघितलेत. गोडं पाणी त्यातूनच फिरतं. खाऱ्या पाण्याचा पंप नाही, इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नाही, जाळीत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकणं नाही.

---

खाडीकाठचा · २९ मार्च

तळाखालच्या पाइपांचा, म्हणजे कील कूलिंगचा, विचार केला होता. पण आमच्याकडे बंदरात गाळ इतका की ओहोटीला बोट चिखलावर टेकते. पाइप दबणार, नाहीतर चिखलात रुतून तापणार. शिवाय त्यावर कालवं आणि शेवाळ बसलं तर बोट वर काढल्याशिवाय साफ करता येणार नाही. कूलरचं झाकण मी बसल्या जागी उघडून सळई फिरवू शकतो. खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीला तो मार्ग नक्कीच चांगला असेल.

---

दुसरा_इंजिनिअर · ३० मार्च

सहमत. आता जोडणीबद्दल सांगतो. इथे चुकलं तर नवा मॅनिफोल्डही जाईल, म्हणून सावकाश वाचा.

बरेच जण मॅनिफोल्ड थर्मोस्टॅटच्या पुढे, कूलरच्या वाटेवर जोडतात, कारण तिथे पाइप हाताशी असतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये पाणी फिरतच नाही. धूर मात्र पहिल्या मिनिटापासून गरम. आतलं पाणी उकळतं, वाफ होते, मग थर्मोस्टॅट उघडला की त्या तापलेल्या बिडावर एकदम पाणी येतं. तडा जायला दुसरं काही लागत नाही.

पाणी ब्लॉकच्या मागच्या टोकाकडून घ्या, मॅनिफोल्डच्या खालच्या टोकात सोडा आणि वरच्या टोकातून काढून थर्मोस्टॅटच्या अलीकडे परत आणा. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा असो की बंद, मॅनिफोल्डमध्ये पाणी खेळतं राहतं. साडेबारा किलोवॅट पाच अंशांच्या वाढीत न्यायला मिनिटाला ३६ लिटर लागतात. एक इंची होज पुरे. अर्धा इंची वापरू नका.

हवेला वाट ठेवा. मॅनिफोल्डच्या सगळ्यात उंच जागेवरून एक बारीक नळी गोड्या पाण्याच्या टाकीच्या वरच्या भागात न्या, आणि टाकी इंजिनातल्या सगळ्यात उंच पाण्याच्याही वर बसवा. टाकीला दाबाचं झाकण हवंच. १५ पीएसआयच्या झाकणाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि मॅनिफोल्डच्या भिंतीला ती सवलत लागते.

---

मालवणचो · ३० मार्च

कूलंट की साधं पाणी? आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो.

---

दुसरा_इंजिनिअर · ३० मार्च

बर्फासाठी नाही, गंजासाठी. कूलंटमधली गंज अडवणारी द्रव्यं हाच त्याचा खरा उपयोग. किनाऱ्याजवळच्या विहिरीला किंवा बोअरला थोडा खारेपणा असतो, ते पाणी घातलं तर बंद फेरा करून काय मिळवलं? डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात कूलंट मिसळा. दोन वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका, रंग सारखा दिसला तरी.

---

खाडीकाठचा · २१ जुलै

उशिराने लिहितोय. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली, बोट शाकारली आणि कामाला लागलो.

नवा मॅनिफोल्ड आला. बसवण्याआधी दोन्ही तोंडं बंद करून, एक बार हवा भरून पाण्याच्या पिंपात बुडवला आणि अर्धा तास बघत बसलो. एका प्लगपाशी बुडबुडे आले, प्लग पुन्हा बसवला, मग पाणी शांत राहिलं. कूलर पुढच्या मापाचा घेतला, नळ्या क्युप्रोनिकेलच्या (तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या), खाऱ्या बाजूला झिंक, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा. जुना कूलर कापून बघितला तर तळाच्या चार नळ्या गाळाने पूर्ण बंद होत्या, आणि एका नळीत इम्पेलरचं तुटलेलं रबरी पातं. कधीचं होतं देव जाणे. टाकी केबिनच्या भिंतीला वर बसवली आहे. ३१ जुलैला बंदी उठायची वाट बघतोय.

---

खाडीकाठचा · ६ ऑगस्ट

पहिली फेरी करून आलो. सगळं सुरळीत झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जेटीवर ८२ अंशांवर सुई स्थिर. बाहेर जाऊन जाळं टाकलं, ओढ आली, आणि वीस मिनिटांत सुई ९६ वर. मी इंजिन मंद केलं. सुई ८४ वर आली, पुन्हा उसळली, पुन्हा उतरली. उष्णता वाढली तर सुई सावकाश चढते, अशी उड्या मारत नाही. मॅनिफोल्डवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. मागच्या टोकाला ८५, आणि पुढच्या टोकाला, पहिल्या सिलिंडरपाशी, वरच्या अंगाला १२८.

तेव्हा लक्षात आलं. वर्कशॉपमध्ये मॅनिफोल्ड टेबलावर सपाट ठेवून हवेच्या नळीचं तोंड मागच्या टोकाला वेल्ड केलं होतं. बोटीत इंजिन सपाट नसतं, शाफ्ट खाली उतरतो म्हणून मागे झुकलेलं असतं. उंच टोक पुढचं. हवा तिथे कोंडून बसली होती आणि नळी पाण्यात होती.

जाळं उचललं आणि मंद गतीने परत आलो. पुढच्या टोकाला वरच्या अंगाला आधीपासून एक प्लग होता. तो काढून ८ मिलिमीटरची तांब्याची नळी टाकीपर्यंत नेली. नळी जोडताना प्लग सैल केला, तेव्हा सुरुवातीला फुस्स करून हवा गेली, मग फेसाळ पाणी, मग स्वच्छ हिरवं कूलंट. टाकीत जवळपास दीड लिटर मावलं. दुसऱ्या फेरीला, त्याच ओढीवर, समुद्र २८ अंश, सुई ८४. दोन दिवस हलली नाही. मॅनिफोल्ड दोन्ही टोकांना ८५ ते ८८.

---

दुसरा_इंजिनिअर · ६ ऑगस्ट

माझीही चूक आहे, "सगळ्यात उंच जागा" म्हणताना ती बोटीत बसवल्यावरची धरायची, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. तुम्ही वेळेत इंजिन मंद केलंत ते बरं झालं.

अजून दोन गोष्टी. टाकीत पाण्याची पातळी खाली गेली की वाजणारा अलार्म बसवा. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं तर तो कोरड्या वाफेत बसून ७० दाखवत राहील आणि इंजिन जळेल. आणि ओढीवरून आल्या आल्या इंजिन बंद करू नका, पाच मिनिटं मंद चालू द्या. मॅनिफोल्डच्या बिडात साठलेली उष्णता जायला तेवढा वेळ लागतो.

---

खाडीकाठचा · ७ ऑगस्ट

अलार्मचं आजच सांगतो. मंद चालवायचं आम्ही करतोच, पण किती ते माहीत नव्हतं.

---

न्यूजर्सीकर · ७ ऑगस्ट

या हिवाळ्यात माझ्याकडेही पूर्ण सिस्टिम बसवतोय. माझं इंजिनही मागे झुकलेलं आहे, हे मी आजवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. आभार.

---

हर्णैकर · १९ नोव्हेंबर

खाडीकाठचे दादा, तीन महिने झाले. काय अवस्था आहे ते खरं खरं लिहा. आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. चाळीस वावात होज फुटला तर काय करणार?

---

खाडीकाठचा · २० नोव्हेंबर

काका, खरं तेच लिहितो. टाकीवर मार्करने ओळ मारली आहे, ऑगस्टपासून पातळी तिथेच. ऑइल स्वच्छ, दुधाळपणा नाही. कूलरचा झिंक अर्ध्याला आला, बदलला. जाळीत खाडीची वाळू येते, ती दर फेरीला काढतो. चुलते पुढच्या पावसात त्यांच्या बोटीचं काम करणार आहेत.

तुमच्या प्रश्नाला मी टाळत नव्हतो, तयारी करून मग लिहायचं होतं. मिसळलेल्या कूलंटचे २० लिटरचे दोन कॅन इंजिन रूममध्ये बांधून ठेवलेत, त्यांना पिण्याच्या पाण्यासाठी कोणी हात लावत नाही. मॅनिफोल्डचे दोन्ही होज आणि ब्लॉकचे तिन्ही होज त्यांच्या नेमक्या लांबीला कापून, क्लॅम्प चढवून, प्रत्येकावर रंगाने खूण करून भिंतीला टांगलेत. मागच्या अमावास्येला बोट जेटीला असताना तांडेलाने बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्डचा मागचा होज बदलून बघितला. इंजिन गार होतं. अकरा मिनिटं लागली आणि सहा लिटर कूलंट सांडलं. खालचा क्लॅम्प हाताला लागत नव्हता, म्हणून त्याचा स्क्रू आता वरच्या बाजूला फिरवून घेतलाय.